मदत हवी आहे: गड पडणार हे पाठ असलेल्या खेळाडूंना निर्णय घ्यायला कसं लावू?

माहुलीकर:
मंडळी, साताऱ्यात आम्ही पाच जण रविवारी दुपारी टेबलटॉप रोलप्लेइंग खेळतो, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेकानं एक पात्र घ्यायचं आणि बोलत, फासे टाकत गोष्ट पुढं न्यायची. नियम डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे, जादू वगळून. गेम मास्टर, म्हणजे प्रसंग सांगणारा, मी. या खेपेला ड्रॅगन नकोत म्हणून अजिंक्यताऱ्याचा वेढा घेतलाय. डिसेंबर १६९९, खाली औरंगजेबाची छावणी, वर किल्लेदार प्रयागजी प्रभू. खेळाडू म्हणजे गडावरची साधी माणसं: गोलंदाज, पाथरवट, हेर आणि सुईण.

अडचण अशी की सगळे सातारकर. एप्रिल १७०० मध्ये गड जातो हे तोंडपाठ. त्यामुळे कुणी हातपायच हलवत नाही. मागच्या रविवारी मी सांगितलं, मंगळाई बुरुजाखालून रात्री टिकावाचे आवाज येतायत. पाथरवट म्हणाला, "सुरुंग असणार. उडणारच आहे की. तू पुढचं सांग." आणि वडापावचा कागद सोडायला घेतला. हेराचं तर ठरलेलंच: "कुठं जायचं ते सांग, जातो."

औरंगजेबाला हात हलवत परत पाठवलं तर मलाच पचणार नाही. इतिहास तसाच ठेवला तर त्याचं कीर्तन होतंय, मी सांगायचं आणि त्यांनी माना डोलवायच्या. काय करू?

हळदवाला (सांगली):
इतिहासाला हात लावू नका, प्रश्न बदला. गड जाणार हे ठरलंय, पण तुमच्या चौघांचं काय होणार हे कुठल्या बखरीत लिहिलंय? सुईणीसमोर दिवस भरलेली बाई आणून बसवा: गडावरच ठेवायची, की अंधारात दोरानं खाली सोडायची? गोलंदाजाकडं दारू थोडी उरलीय, ती बुरुजावर वापरायची की दरवाजावर? कुठलंही निवडलं तरी काहीतरी हातचं गेलं पाहिजे, आणि काय जाणार ते आधीच कळलं पाहिजे. नाहीतर तो नुसता छापा-काटा. आणि "काय करता?" हे एकेकाचं नाव घेऊन विचारा. सगळ्यांना मिळून विचारलं की चौघं एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसतात.

कंदीपेढा:
सुरुंगासाठी कागदावर वर्तुळ काढा, सहा भाग करा. ब्लेड्स इन द डार्क या रोलप्लेइंग खेळात असतात तसं. त्यांनी काही न करता रात्र गेली की एक भाग रंगवायचा, सगळ्यांसमोर, टेबलावर. तुम्ही तोंडानं धोका सांगता तेव्हा ते ऐकतात. कागद भरत चालला की आपोआप पुढं सरकतात.

आणि एक. साताऱ्याला दुसरा सुरुंग मोगलांच्याच अंगावर उलटला, हे नोंदलेलं आहे. का उलटला, ते पाथरवटाला ठरवू द्या ना!

जुना गडी:
बाकी ठीक. पण त्यांना निर्णय घ्यायचेत का, हे विचारलंत का? आठवडाभर हापिसात डोकं खपवून आलेल्याला कधी कधी नुसती गोष्टच हवी असते. त्यात वावगं काही नाही.

माहुलीकर:
विचारलं. तिघांना हवेत, गोलंदाज म्हणतो "बघू". कंदीपेढा, सुरुंगाची कल्पना झकास! पण पाथरवटाचा फासा पडलाच नाही तर? डी२० वर, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर, नापास म्हणजे विषय संपला.

कंदीपेढा:
तेवढ्यापुरता डी२० बाजूला ठेवा. अपोकॅलिप्स वर्ल्ड या दुसऱ्या रोलप्लेइंग खेळाची पद्धत घ्या: साधे दोन फासे. बेरीज १० किंवा वर आली तर काम फत्ते. ७ ते ९ ला काम होतं, पण किंमत द्यावी लागते. ६ किंवा खाली आली की पुढची चाल तुमची. त्यातही "काहीच झालं नाही" म्हणायचं नाही. सुरुंग उलटेलच, फक्त त्या वेळी पाथरवट कुठं होता, हा प्रश्न.

माहुलीकर:
करतो. शेवटचं एक: मार्च १७०० मध्ये सिंहगडावर राजाराम महाराजांचा मृत्यू होतो. ती बातमी गडावर मी जाहीर करू का?

हळदवाला:
अजिबात नको. चिठ्ठीवर लिहून फक्त हेराच्या हातात द्या. किल्लेदाराला सांगायची की दाबून ठेवायची, त्याचं तो बघेल.