प्रतिसाद: एक्स-रे मिनिटात, थुंकीची तपासणी तालुक्याला

गावाकडच्या उपचारात एआयचा उपयोग किती, या चर्चेत ‘गावात रेडिओलॉजिस्टच (एक्स-रे वाचणारा डॉक्टर) नाही, तिथे एआय काय करणार’ असं वर कुणी म्हटलंय. क्षयरोगापुरतं तरी मला उलट वाटतं. रेडिओलॉजिस्ट नाही म्हणूनच एआयचा उपयोग! चाळणीसाठी, म्हणजे संशयित रुग्ण हेरण्यासाठी, छातीचे एक्स-रे माणसाऐवजी अशा सॉफ्टवेअरने वाचायला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्येच हिरवा कंदील दाखवलाय, पण १५ वर्षं आणि त्यावरच्यांसाठीच. लहान पोरं बाहेरच राहिली, त्यावर इथे कुणी बोललं नाही.

आमच्याकडे शाळेच्या व्हरांड्यात शिबिर झालं. हातात मावेल एवढं एक्स-रे मशीन, मिनिटभरात ‘संशयित’. त्यात आमचे काका. पण हे निदान नव्हे, पुढे थुंकी तपासावीच लागते. आशाताईंनी डबी दिली. तालुक्याला नमुने घेणार बारापर्यंत आणि आमची एसटी तिथे पोचते दीडला. काका दोनदा मजुरी बुडवून डबीसकट परत आले.