आनंद पटवर्धनांची कोणती फिल्म आधी दाखवावी?

टिपकागद:
आमच्या वाचनालयात अधूनमधून फिल्म दाखवतो. यंदा माहितीपटकार आनंद पटवर्धनांचं काहीतरी लावायचं चाललंय, पण अयोध्येच्या वादावरच्या 'राम के नाम'चं नाव काढलं की कार्यकारिणीतले निम्मे लोक घड्याळाकडे बघतात. सुरुवात कुठून करू? सेन्सॉरची भानगड आहे का?

गिरणगावकर:
'राम के नाम'ला १९९२ सालीच 'यू' (सगळ्यांनी बघण्याजोगी) प्रमाणपत्र मिळालंय. दूरदर्शन दाखवेना, तर पटवर्धन मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि कोर्टाच्या हुकमाने ती लागली. 'जंग और अमन'ला सेन्सॉरने कट सुचवले, तिथेही २००३ मध्ये एकही फ्रेम न कापता कोर्टातून सुटका. गृहस्थ चिवट आहे. एवढं कार्यकारिणीच्या कानावर घाला.

मी मात्र 'हमारा शहर' (१९८५, सव्वा तास) आधी लावेन. विषय मुंबईतल्या झोपड्यांची पाडापाडी. त्यात एक बाई थेट कॅमेऱ्यावरच उखडते: गरिबांचे फोटो काढून तुम्ही नाव कमावणार, आम्हाला काय? दुसऱ्या कुणी तेवढंच गुपचूप कापलं असतं. यांनी ठेवलं. १९८६ मध्ये नरिमन पॉइंटजवळची संजय गांधी नगर वस्ती पाडली, तेव्हा शबाना आझमींबरोबर हे उपोषणाला बसले. त्या बाईला दिलेलं उत्तर समजा हवं तर.

याच 'हमारा शहर'मध्ये शाहीर विलास घोगरे गातात. ते ऐकलं की मग 'जय भीम कॉम्रेड'. ११ जुलै १९९७, घाटकोपरचं रमाबाई नगर. आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाली म्हणून लोक रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळीबार केला, १० जण गेले. चार दिवसांनी घोगरेंनी मुलुंडच्या आपल्या झोपडीत गळफास घेतला. डाव्या चळवळीत गाणारा हा शाहीर, आणि शेवटी डोक्याला आंबेडकरी चळवळीचं निळं फडकं. पटवर्धनांनी तेव्हा जो कॅमेरा उचलला, तो १४ वर्षं खाली ठेवला नाही.

फटकळ:
सगळं एकांगी. समोरच्या बाजूचे लोक यांच्या फिल्ममध्ये कायम येडेच दिसतात.

गिरणगावकर:
बाजू घेतात, आणि लपवतही नाहीत. पण 'राम के नाम'मधले पुजारी लालदास बघितलेत का? कोर्टाने नेमलेले, रामजन्मभूमीचेच पुजारी, आणि विश्व हिंदू परिषदेच्या राजकारणावर शांतपणे बोलतात. १९९३ मध्ये त्यांचा खून झाला. ती मुलाखत बघा, मग भांडू.

टिपकागद:
'जय भीम कॉम्रेड' केवढी आहे? आमच्याकडे लोक रात्री नऊला उठून घरी जातात.

गिरणगावकर:
तीन तासांच्या वर. भायखळ्याच्या बीआयटी चाळीत, दलित वस्तीत, २०१२ साली पहिला जाहीर खेळ झाला, म्हणजे ज्यांची फिल्म त्यांच्याच अंगणात. तुम्ही सहालाच सुरू करा, मध्ये चहा ठेवा. आणि स्पीकर आदल्या दिवशी लावून बघा. त्यात गाणाऱ्या शीतल साठेंचा आवाज लॅपटॉपच्या भोंग्यातून ऐकवू नका, प्लीज.