तवशांच्या फेस्ताला जाऊ का? (आणि ओव्हनबद्दल एक प्रश्न)

नगरची_पोर

नमस्कार. इथे बरेच दिवस नुसती वाचत होते, लिहितेय पहिल्यांदाच.

मी मूळची नगरची, मराठी ख्रिस्ती घरातली. लग्न होऊन सासष्टीत आले, नवरा गोव्याचा, कॅथलिक. वय पस्तिशीला टेकलंय, मूल नाही. तपासण्या सगळ्या झाल्या. नळ्या मोकळ्या, हार्मोन ठीक, नवऱ्याचा रिपोर्टही ठीक. शेवटी डॉक्टरांनी कागदावर 'अनएक्सप्लेन्ड' असं लिहिलं. आजार सापडला असता तर निदान त्याच्यावर चिडता तरी आलं असतं! आता पुढची पायरी आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) म्हणतात. नवऱ्याला ते पटत नाही. पाद्रींनी सांगितलंय की चर्चला मान्य नाही. माझ्या माहेरच्या पाळकांचं म्हणणं, बीज नवरा-बायकोचंच असेल तर हरकत काय? अशी घरात दोन मतं.

सासूबाई (त्यांना मी मांय म्हणते) स्वभावाने चांगल्या आहेत, टोमणे मारत नाहीत. जुलैअखेर तळावलीला सांत आनाच्या, म्हणजे मरियेच्या आईच्या, चर्चात तवशांचं (काकड्यांचं) फेस्त, म्हणजे जत्रा असते, त्याला मला न्यायचं त्यांच्या मनात आहे. मूल हवं असलेल्या बायका तिथे तवसं वाहतात. मांयनी परसात वेल लावलाय आणि त्यातलं एक तवसं माझ्यासाठी राखलंय, पानाखाली झाकून, कुणी तोडू नये म्हणून. आमच्या मंडळीत संतांना नवस ही गोष्टच नाही. लहानपणापासून शिकवलं ते थेट प्रभूशी बोलायला. गेले तर मनाला लागेल, नाही गेले तर त्या वेलाकडे बघवणार नाही.

दुसरं म्हणजे, शाळेतून घरी आलं की घर खायला उठतं, म्हणून ओव्हन घेतला. केक बरे जमतात. पण जाऊबाई म्हणाल्या, 'मन रमवायला बरं आहे हो.' तेव्हापासून अंडी फेटताना तेच डोक्यात येतं. यातून कुणी गेलंय का? उपदेश नको, अनुभव सांगा.

म्हापशेकर

एवढा विचार करू नका हो. आमच्या म्हापशात मिलाग्रीस सायबिणीच्या (मरियेच्या) फेस्ताला आम्ही हिंदू लोकही तेल घेऊन रांगेत असतो. ती आणि शिरगावची लईराई देवी बहिणी, असं आम्ही मानतो. कुणाचा देव, कुणाचा नवस, हे गोव्यात कुणी विचारत बसत नाही. मांयचं मन राखा, जाऊन या. सकाळी लवकर निघा मात्र, नाहीतर गाडी लावायला जागा मिळायची नाही.

नगरची_पोर

धन्यवाद. पण विचार मी करते, तीच तर अडचण आहे.

सावंतवाडीची_मावशी

बाय, उपदेश नको म्हणालीस म्हणून आधीच सांगते. मला मूल झालं नाही. 'आणि मग चमत्कार झाला' असलं शेवटी काही येणार नाही, तेव्हा ते शोधत वाचू नकोस.

मी सावंतवाडीची, कॅथलिक, शिकले मराठी शाळेत. नव्वदच्या दशकात लग्न होऊन बार्देशात आले. तेव्हा आमच्यासारख्यांना आयव्हीएफ म्हणजे मुंबईच्या खेपा आणि गाठीला पैसा. आमच्याकडे दोन्ही नव्हतं. त्यामुळे चर्च हो म्हणेल की नाही, हा प्रश्न आमच्या दारापर्यंत आलाच नाही. तुझ्या दारात आलाय तर त्याची नीट माहिती घे. व्हॅटिकनने १९८७ साली 'दोनुम वितै' नावाचं पत्रक काढलं, त्यात हे आहे. नवरा-बायकोच्या संबंधाला हातभार लावणारे उपचार चालतात, म्हणजे गोळ्या, इंजेक्शनं, नळ्यांची शस्त्रक्रिया वगैरे. पण संबंधाची जागाच प्रयोगशाळेने घेतली तर चालत नाही, बीज दोघांचंच असलं तरी. शिवाय जास्तीचे गर्भ उरतात, गोठवतात, टाकले जातात, त्यालाही आक्षेप आहे. तेव्हा नवरा हट्टाने नाही म्हणत नाहीये, त्याच्या श्रद्धेतच ते बसत नाही. तुला ते पटायलाच हवं असं मुळीच नाही. पण भांडायचंच असेल तर आपण नेमकं कशावर भांडतोय हे दोघांना ठाऊक असावं. आमच्याकडे कित्येक जोडपी पाद्रींचं अर्धं वाक्य ऐकून साध्या गोळ्याही सोडून देतात.

आता तवसं. मी वाहिलंय, सासूबाईंबरोबर जाऊन. माझ्या पुढे एक पोरगा चमचा घेऊन उभा होता. लग्न जमायचं असेल तर चमचा वाहतात तिथे. त्याचे मित्र मागून इतके छळत होते त्याला की सासूबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. आत जाताना वाटलं होतं की सगळ्या माझ्यासारख्याच, डोळे पुसणाऱ्या असतील. तशा होत्याही. पण बाहेर खाजं आणि चणे विकणारेही होते, आणि चर्च एवढं भव्य की आपलं दुःख जरा आकसतं. इमारत १६९५ साली पूर्ण झालेली आहे. तेव्हापासून किती बायका येऊन गेल्या असतील, बघ.

तुझ्या मंडळीची शिकवण मोडायची नसेल तर तवसं मांयच्या हातात राहू दे. तू सोबत जा, आणि आत गेल्यावर थेट प्रभूशी बोल. तिथे कोण अडवणार आहे तुला? मरियेच्या आईचं नाव बायबलात नाही, ते जुन्या परंपरेतून आलंय, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. तुला बायबलातलंच हवं असेल तर हन्ना आहे की. पहिलं शमुवेल, पहिला अध्याय.

हन्नाची गोष्ट आपल्याला नेहमी शमुवेल झाला इथपर्यंत सांगतात. मला त्यातलं मधलं आवडतं. सवत टोचून बोलते. नवरा विचारतो, मी तुला दहा मुलांहून जास्त नाही का? (बिचारा एलकाना. सगळे नवरे हेच म्हणतात, आणि म्हणून झाल्यावर आपण हसावं अशी त्यांची अपेक्षा असते.) एली याजकाला वाटतं बाई प्यालीय. ती त्याला उत्तर देते, उठते, परत जाते आणि जेवते. अजून दिवस गेलेले नाहीत, काहीच झालेलं नाही, तरी जेवते, आणि तिचं तोंड उतरलेलं राहत नाही. मी इतकी वर्षं त्या ओळीपाशीच आहे. पुढच्या ओळी माझ्यासाठी नव्हत्या.

आणि जूनमध्ये सांज्यांवाच्या सणाला विहिरीत उड्या मारणारे नवे जावई बघून तुझ्या पोटात कालवत असेल, तर एवढं लक्षात ठेव. तो दिवस योहानाच्या जन्माचा, आणि त्याची आई अलीशिबा म्हातारपणापर्यंत निपुत्रिक होती. डोक्यावर कोपेल (फुलापानांचा मुकुट) घालून फेणी पिणाऱ्यांपैकी एकाला तरी ते आठवतं का, देव जाणे.

ओव्हनबद्दल. मन रमतं का? नाही गो. बेबिंक, म्हणजे आमचा थराथरांचा केक, करायला घेतलीस की कळेल. एक थर भाजून लाल झाला की वर चमचाभर तूप, मग पुढचा थर, परत वरून आच. अख्खी दुपार तू तिथेच उभी, आणि मन वाट्टेल तिकडे. मी बेबिंकेपाशी भरपूर रडलेय. फरक पडला तो भलत्याच ठिकाणी.

आमच्या वाड्यावर मिसा (चर्चमधली प्रार्थना) सुटली की बायका गाठायच्या, 'कितें, कांय नवें?' तोंडाने विचारायच्या आणि डोळे माझ्या पोटाकडे. मी वाट बदलली होती. पावसाळ्यातसुद्धा मागच्या बांधावरून चिखल तुडवत घरी यायची. एका नाताळाला हौसेने कोन्सुआदची, म्हणजे नाताळच्या गोडाची, ताटं भरून घरोघर पाठवली. नेवऱ्या, दोदोल, बाथ आणि बोलिन्यां (नारळाची बिस्किटं). पुढच्या वर्षी नोव्हेंबर लागला नाही तोच त्यातली सगळ्यात खमकी बाई दारात. 'बोलिन्यां केव्हा करतेस? भावाला दुबईला पाठवायची आहेत.' आणि डोळे पोटाकडे नव्हते, डब्यांच्या फळीकडे होते! त्या दिवसापासून मी पुढच्या रस्त्याने येते. लोकांना मला विचारायला दुसरं काहीतरी मिळालं, एवढंच झालं. पण ते केवढं मोठं असतं हे तुला सांगायला नको.

पुढे ऑर्डरी यायला लागल्या. बाप्तिस्म्याचे केक घेते. पांढरं आयसिंग, क्रूस, बाळाचं नाव. पहिलं नाव लिहिताना कोन हातात तसाच धरून बसले होते, टोकाशी आयसिंग सुकलं, टाचणीने मोकळं करावं लागलं. आता भराभर लिहिते. फाँडंटचे चिमुकले बूट मात्र करत नाही. हवे असतील तर तयार मिळतात, आणा, मी लावून देते. डोहाळजेवणाच्या ऑर्डरी अजिबात घेत नाही. 'त्या तारखेला वेळ नाही' म्हणून सांगते. खोटं नाही गो ते, त्या तारखेला मला खरंच वेळ नसतो.

जाऊबाईंना काय म्हणायचंय ते म्हणू दे. पुढचा केक त्यांच्या घरी पाठव आणि पैसे घे.

डिचोलीकर

पुरुषाच्या बाजूने थोडं. तुमच्या नवऱ्याने स्वतःची तपासणी करून घेतली याबद्दल त्यांचं कौतुक. ती सगळ्यात सोपी आणि स्वस्त तपासणी, पण आमच्या घरात बायकोचा नळ्यांचा एक्स-रे आधी झाला आणि माझा नंबर शेवटी लागला. 'अनएक्सप्लेन्ड'ने खचू नका. आजच्या तपासण्यांत कारण दिसलं नाही, इतकाच त्याचा अर्थ. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं की सहापैकी साधारण एका माणसाला आयुष्यात कधी ना कधी ही अडचण येते.

आयव्हीएफ करायचं ठरलंच तर बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) २०२३ पासून मोफत सोय आहे, आधी तिथे चौकशी करा. कायद्याने बाईला ५० वर्षांपर्यंत उपचार घेता येतात, पण बीजांडं पस्तिशीनंतर झपाट्याने कमी होतात. तेव्हा हो किंवा नाही, काय ते लवकर ठरवा.

आम्ही दत्तकासाठी 'कारा'च्या (दत्तक देणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या) पोर्टलवर नाव घातलंय. रांग लांब आहे. पूर्वी ख्रिस्ती जोडप्यांना १८९० च्या कायद्याखाली नुसतं पालकत्व मिळायचं. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने कुठल्याही धर्माच्या जोडप्याला पूर्ण दत्तक घेता येतं. दोन वर्षांखालचं मूल हवं असेल तर दोघांच्या वयाची बेरीज ८५ च्या वर जाता कामा नये. आत्ता मनात नसेल तर सोडून द्या, फक्त माहिती असावी म्हणून लिहिलं.

नगरची_पोर

मावशी, हन्ना जेवली हे मी रविवारच्या शाळेपासून ऐकतेय आणि कधी लक्षातच आलं नव्हतं.

रविवारी जातेय. मांयना म्हटलं, तवसं तुम्ही वाहा, मी शेजारी उभी राहीन. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, 'बरें, पूण पोती तूं धर.' म्हणजे पिशवी माझ्याकडे. ते पत्रक रात्री नवऱ्याबरोबर बसून वाचलं. त्याला खरंच वाटत होतं की इंजेक्शनंसुद्धा चालत नाहीत. आयव्हीएफवर अजून एकमत नाही, पण आधी इंजेक्शनांबद्दल डॉक्टरांना विचारायचं, एवढं ठरलं. डिचोलीकर, दत्तकाचं वाचून ठेवलंय, आभार.

मावशी, माझी बोलिन्यां ट्रेमध्ये पसरतात आणि वरची नक्षी जाते. काय चुकतं?

सावंतवाडीची_मावशी

पीठ मुरत नाही, दुसरं काय! साखरेच्या पाकात वाटलेला नारळ आणि बारीक रवा शिजवून घे, पातेल्याच्या कडा सुटेपर्यंत. पूर्ण गार झाल्यावर अंड्याचं पिवळं, तूप आणि वेलची. गरम असताना अंडं घातलंस तर गोळ्या होतील. मग रात्रभर झाकून ठेव, रव्याला पाणी पिऊ दे. शाळा असते तर आदल्या रात्री कालव आणि आल्यावर भाज. सकाळी घाई करून भाजलीस की पसरलीच समज. पांढरं घालू नकोस, त्याने पीठ सैल होतं. हाताला मैदा लावून वळ, काट्याने चौकडी खोल पाड, वरवर नको. ओव्हन १८० वर आधी तापव. बुडं बदामी झाली की काढ. ट्रेमध्ये मऊ वाटतील, तरी गार झाल्याशिवाय हात लावू नकोस. उरलेल्या पांढऱ्याचं मेरिंग कर, शाळेतली पोरं संपवतील.

नाताळाच्या ऑर्डरी ऑक्टोबरात घ्यायला लाग आणि अर्धे पैसे आधी घे. नात्यातल्यांकडून तर नक्की.