पंधरा मिनिटांच्या टेस्ट ड्राइव्हमध्ये लहान हॅचबॅकची पारख कशी करावी?

बामणोलीचा_वाटसरू (प्रश्न)

नमस्कार मंडळी.

आमची 2011 सालची वॅगन आर आता बदलायला झाली आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या आणि 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला, तेव्हापासून घरात हा विषय रोज निघतो आणि सध्या तो स्विफ्टपाशी येऊन थांबला आहे. घरात आम्ही चौघे आहोत: मी, पत्नी, आई आणि सत्तरी ओलांडलेले वडील, ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे. गाडीचा रोजचा वापर साताऱ्यातच असतो. मात्र महिन्यातून दोनदा यवतेश्वरचा घाट चढून, कासवरून पुढे बामणोलीकडे गावी जावे लागते.

गेल्या रविवारी टेस्ट ड्राइव्ह घेतली. शोरूमच्या आवारातून महामार्गापर्यंत विक्री प्रतिनिधीने स्वतःच गाडी चालवली, सेवा रस्ता सरळ लागल्यावर मला चालवायला दिली, आणि वाढे फाट्यापासून परत फिरेपर्यंत तो मला पडद्यावर फोन कसा जोडायचा हेच समजावून सांगत होता. क्लच हलका आहे आणि स्टेअरिंगही हलके आहे, याहून अधिक काही माझ्या लक्षात आले नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा वेळ मिळाली आहे, म्हणून तीन शंका विचारतो.

पूर्वीच्या स्विफ्टमध्ये चार सिलिंडरचे इंजिन होते. मे 2024 मध्ये आलेल्या नव्या पिढीत तीन सिलिंडरचे झेड-12-ई इंजिन बसवले असून त्याची ताकद सुमारे 90 पीएसवरून 82 पीएसवर आली आहे. तीन सिलिंडरची गाडी थरथरते असे सगळेच सांगतात. मग चार माणसे बसवून घाटात ती दम टाकेल का? दुसरी शंका अशी की पत्नीला एएमटी (क्लच आणि गिअर आपोआप सांभाळणारी) हवी आहे आणि मला मॅन्युअल. तिसरी, त्यांनी मला झेडएक्सआय प्लस हा वरचा प्रकार चालवायला दिला, आम्ही घेणार व्हीएक्सआय हा खालचा. त्याने काही फरक पडतो का?

घाटमाथा

आपल्या पहिल्या शंकेवर आधी थोडे हसू आले, त्याबद्दल क्षमस्व. आपण ज्या 2011 च्या वॅगन आरमधून इतकी वर्षे बामणोलीला ये-जा करत आहात, तिचे 998 सीसीचे के-10 इंजिन तीन सिलिंडरचेच आहे, आणि त्याची ताकद 68 पीएसच्या आसपास आहे. तेव्हा तीन सिलिंडरची भीती आपण तरी बाळगू नये.

थरथर खरी असते, परंतु ती कुठे शोधायची हे ठाऊक हवे. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकशाफ्ट दर 180 अंश फिरल्यावर एक स्फोट होतो, तीनच्या इंजिनात दर 240 अंशांनी; त्यामुळे इंजिन सावकाश फिरत असताना दोन स्फोटांमधली फट हाताला आणि सीटला जाणवते, आणि वेग वाढला की ती बुजून जाते. म्हणूनच सेवा रस्त्यावर पन्नासच्या वेगाने जाताना आपल्याला काहीही कळले नाही. शनिवारी गाडी थंड असतानाच सुरू करायला सांगा, संगीत बंद ठेवा, एसी चालू करून गाडी दोन मिनिटे जागेवर उभी ठेवा आणि तळहात गिअरच्या दांड्यावर ठेवा. एसीचा कॉम्प्रेसर चालू-बंद होताना जो धक्का बसतो, तोच आपल्याला पोवई नाक्याच्या गर्दीत रोज सोसायचा आहे. तो खपत असेल तर बाकीची थरथर विसरून जावी.

घाटासाठी पीएसच्या आकड्यापेक्षा टॉर्क (म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर) कुठे मिळतो ते पाहा. या इंजिनाचा कमाल टॉर्क सुमारे 112 न्यूटन-मीटर आहे, म्हणजे जुन्या चार सिलिंडरच्या 113 पेक्षा नावापुरताच कमी, पण तो 4300 आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला 4300 फेरे घेत असताना, मिळतो. याचा अर्थ, तिसऱ्या गिअरमध्ये रेंगाळत चढ चढवण्याची सवय असेल तर ही गाडी कुरकुर करणार, आणि वेळेवर दुसरा टाकला तर मुकाट्याने चढणार. हे सपाट रस्त्यावर कधीच कळत नाही, तेव्हा यवतेश्वरच्या घाटातली निदान पहिली चार-पाच वळणे तरी मागून घ्या. प्रतिनिधी ‘ठरलेल्या मार्गाबाहेर परवानगी नाही’ म्हणेल. व्यवस्थापकाला नम्रपणे सांगावे की गाडी याच घाटात चालणार आहे, घाट पाहिल्याशिवाय बुकिंगची रक्कम भरणार नाही. बहुतेक वेळा परवानगी मिळते. घाटात मुद्दाम पूर्ण चढावर थांबा, एसी चालू ठेवा, मागे तीन माणसे असू द्या आणि मग गाडी उठवून पाहा. स्विफ्टच्या सर्व प्रकारांत चढावर गाडी धरून ठेवणारी हिल होल्ड यंत्रणा आहे. ब्रेकवरून पाय काढल्यावर ती साधारण दोन सेकंद गाडी मागे घसरू देत नाही. तेवढ्या वेळात आपला पाय क्लचवर नीट बसतो की नाही, ते तपासावे.

आणखी एक गोष्ट लोक पाहत नाहीत, ती म्हणजे समोरच्या काचेच्या कडेचा खांब. उजव्या वळणावर नेमका त्याच्या आड समोरून येणारा दुचाकीस्वार लपतो. आपली वॅगन आर उंच आणि काचांची आहे. स्विफ्टमध्ये बसण्याची जागा खाली, खिडक्या अरुंद. मान किती वळवावी लागते ते वळणावरच समजेल.

तिसऱ्या शंकेचे उत्तर होय, फरक पडतो. व्हीएक्सआयला 165/80 आर 14 टायर आहेत, झेडएक्सआयला 185/65 आर 15. यातला पहिला आकडा टायरची मिलिमीटरमधली रुंदी, दुसरा रबरी भिंतीची उंची त्या रुंदीच्या किती टक्के ते. हिशेब केला तर पहिल्याच्या भिंतीची उंची 132 मिलिमीटर येते आणि दुसऱ्याची सुमारे 120. म्हणजे आपण घेणार ती व्हीएक्सआय खड्ड्यांत थोडी मऊ वाटेल आणि वळणावर थोडी सैल. आणि टायरमधली हवा आधी तपासून घ्या, कारण शोरूमच्या गाड्यांत हवा पुष्कळदा जास्त भरलेली असते आणि मग सस्पेन्शनला उगाच दोष दिला जातो.

एएमटीबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. घाटात ती नेमकी चुकीच्या क्षणी गिअर बदलते आणि ओव्हरटेक अर्ध्यावर अडकतो.

क्लचमुक्त

वरील प्रतिसादातली शेवटची दोन वाक्ये सोडून बाकी सर्व मान्य आहे.

मी तीन वर्षे एएमटी हॅचबॅक कात्रजच्या जुन्या घाटातून आणि बोपदेव घाटातून चालवत आहे. एएमटीमध्ये गिअरबॉक्स मॅन्युअलचाच असतो. फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम माणसाऐवजी यंत्रणा करते. त्यामुळे मॅन्युअल चालवताना गिअर बदलतेवेळी आपण जसा ॲक्सिलरेटर किंचित सोडतो, तसा तो इथेही सोडला की मान हलवणारा झटका बराच कमी होतो. ज्यांनी पाय दाबूनच ठेवला, त्यांनाच तो ‘अर्ध्यावर अडकल्याचा’ अनुभव येतो.

घाटात दांडा ‘एम’वर (गिअर हाताने निवडण्याच्या जागी) ओढून दुसरा गिअर धरून ठेवावा. हे उतरताना तर फारच महत्त्वाचे आहे, कारण ‘डी’मध्ये (गिअर आपोआप बदलत असताना) उतारावर ॲक्सिलरेटर सोडल्यावर गाडी वरचा गिअर घेऊ पाहते, इंजिनाचा आधार कमी होतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. दुसरी चूक म्हणजे चढावर रांगेत थांबलेले असताना ॲक्सिलरेटरच्या आधारे गाडी तोलून धरणे. डावा पाय मोकळा असल्याने मोह होतो, पण आत तो हाफ क्लचच (अर्धवट दाबलेला क्लच) असतो आणि क्लच प्लेट जळते. अशा वेळी ब्रेक किंवा हॅन्डब्रेक लावावा.

टेस्ट ड्राइव्हमध्ये एएमटीची खरी परीक्षा मागे घेताना होते. चढावरच्या अरुंद जागेत रिव्हर्समध्ये गाडी इंचाइंचाने सरकवून पाहा. ते जमले तर बाकी सर्व जमेल. आणि गाडी वहिनी चालवणार असतील तर शनिवारी स्टेअरिंगवर त्यांनीच बसावे. आपण मागे बसून गप्प राहावे.

पाठीमागचा_प्रवासी

कुणीच मागच्या सीटचा विचार केलेला दिसत नाही. वडिलांचे गुडघे दुखतात असे आपण लिहिले आहे. जुनी वॅगन आर सुमारे 1700 मिलिमीटर उंच आहे, स्विफ्ट 1520. वॅगन आरमध्ये माणूस खुर्चीत बसावा तसा बसतो. स्विफ्टमध्ये खाली उतरून बसावे लागते आणि बाहेर पडताना सगळे वजन गुडघ्यांवर घेऊन उठावे लागते. शनिवारी वडिलांना घेऊन जा आणि त्यांना पुढून-मागून, दोन्ही बाजूंनी, निदान पाच वेळा चढ-उतार करायला सांगा. पहिल्या वेळी उत्साहात सगळेच नीट बसतात.

नव्या स्विफ्टच्या मागच्या दाराची मूठ मात्र पुन्हा दारावर आली आहे, ही चांगली गोष्ट झाली. आधीच्या पिढीत ती खिडकीमागच्या खांबात दडलेली होती आणि आमच्या आत्याला ती दोन वर्षांत एकदाही पहिल्या फटक्यात सापडली नाही.

बामणोलीचा_वाटसरू

सर्वांचे आभार. शनिवारची हकीकत सांगतो.

व्यवस्थापकांनी थोडे आढेवेढे घेऊन घाटाची परवानगी दिली. घाटमाथा यांनी सांगितल्याप्रमाणे टायरची हवा पाहिली. ती दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा सहा पीएसआय जास्त निघाली आणि ती कमी केल्यावर मागच्या रविवारी टणक वाटलेली गाडी निराळीच वाटली. एसी चालू, चौघे आत, आणि पूर्ण चढावर थांबवलेली गाडी पहिल्या गिअरमध्ये विनातक्रार उठली. जागेवर उभी असतानाची थरथर दांड्यावर हात ठेवल्यावर जाणवली, पण ती आमच्या जुन्या गाडीहून कमीच आहे. एएमटीची वेगळी गाडी पत्नीने चालवली, रिव्हर्सची परीक्षाही तिने दिली. माझा मॅन्युअलचा आग्रह मी घाटातच सोडून आलो.

परंतु गाडीचा निकाल शोरूमच्या फरशीवर लागला. वडील तीन वेळा नीट उतरले, चौथ्या वेळी त्यांनी दाराची कड घट्ट धरली आणि पाचव्या वेळी ‘मी आता इथेच बसतो’ असे म्हणाले. ते हसत होते, पण आईने माझ्याकडे पाहिले आणि पुढचे बोलणे तिथेच थांबले.

त्याच दालनात सध्याची वॅगन आर उभी होती. उंची 1675 मिलिमीटर, डिकी 341 लिटर (स्विफ्टची 265), आणि गंमत म्हणजे तिच्या 1.2 लिटरच्या प्रकारात चार सिलिंडरचे तेच के-12-एन इंजिन मिळते, जे जुन्या स्विफ्टमध्ये होते. वडील तिच्यात कुणाच्या मदतीशिवाय बसले. दिसायला मात्र ती स्विफ्टच्या जवळपासही नाही, हे पत्नीने दोनदा बोलून दाखवले. 1.2 एएमटीची टेस्ट ड्राइव्ह येत्या बुधवारी त्याच घाटात ठरली आहे. उंच गाडी वळणावर किती झुकते ते कसे तपासावे, हे कुणी सांगेल का?

घाटमाथा

मागच्या सीटवर आईंना बसवा आणि चाळीसच्या आसपास वेग ठेवून नेहमीच्या वळणावरून जा. त्यांनी दाराच्या वरची मूठ धरली, तर गाडी त्यांच्यासाठी जास्त झुकते असे समजावे. डिकीत गावी नेता तेवढे सामानही ठेवा. रिकाम्या गाडीत उंचीचा परिणाम अर्धाच कळतो. आणि हवा पुन्हा तपासा, ती पुन्हा जास्तच निघेल.