मदत हवी आहे: तांबट आळीतली पोर्ट्रेट्स, ८५ मिमी एफ/१.४ आणि स्लाइड फिल्म

मंडळी,

पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत तांब्याची भांडी घडवणाऱ्या कारागिरांची पोर्ट्रेट्स काढायची आहेत, तीही स्लाइड फिल्मवरच (निगेटिव्ह नाही, थेट खऱ्या रंगांचं पारदर्शक चित्र देणारी फिल्म). "डिजिटलवर काढ, रंग मागाहून बघू" हा सल्ला मित्रांनी देऊन झालाय, तो कृपया इथे नको. लाइटबॉक्सवरच्या (खालून उजेड देणाऱ्या पेटीवरच्या) स्लाइडमध्ये तांब्याचा रंग जसा आतून उजळतो, तसा मला स्क्रीनवर कधीच दिसलेला नाही.

कॅमेरा निकॉन एफएम२, लेन्स मॅन्युअल फोकसची ८५ मिमी एफ/१.४. या लेन्सवर माझा जीव आहे. पूर्ण उघडली की पापणीचा केस न् केस दिसतो आणि मागची भांड्यांची चळत विरघळून नुसते लालसर गोळे उरतात. फिल्म कोडॅक एक्टाक्रोम ई१००. (२०१२ मध्ये बंद झालेली ही फिल्म २०१८ मध्ये परत आली, याचा आनंद अजून ओसरलेला नाही.) वेल्व्हिया ही भडक रंगांची दुसरी स्लाइड फिल्म मुद्दाम टाळली. निसर्गचित्रांना ती झकास, पण चेहरे लालबुंद करते.

खरी अडचण उजेडाची. मठारकाम (हातोडीने ठोकून भांड्यावर खळगे उठवणं) चालतं तिथे दारातून येईल तेवढाच उजेड. आयएसओ १०० च्या या फिल्मला एफ/१.४ वर, म्हणजे लेन्स पूर्ण उघडूनही, शटर जेमतेम १/६० सेकंद मिळतं. दीड मीटरवरून फोकसची खोली (जेवढा पट्टा स्पष्ट दिसतो तो) अडीच सेंटीमीटरच्या आसपास, आणि हातोडीच्या ठोक्यागणिक माणूस तेवढा सहज हलतो. एफ/२ केलं तर शटर १/३० वर येतं. ट्रायपॉड लावला तरी कारागीर थोडाच स्थिर बसणार!

म्हणून एक स्टॉप पुश करावं का, म्हणजे निम्म्या उजेडावर फोटो काढून डेव्हलप करताना भरपाई करावी का, असं डोक्यात आहे. पहिल्या डेव्हलपरचा वेळ वाढवला की कॉन्ट्रास्टही वाढणार, आणि उजेड-सावलीतला फरक पेलण्याची स्लाइडची झेप मुळात पाचेक स्टॉपची. सावळ्या चेहऱ्यावरच्या सावल्या काळ्याठिक्कर पडतील, ही भीती वाटते. ई१०० पुश करून कुणी चेहरे काढलेत का?

मीटरिंगचंही सांगा. ठोक्यांच्या खळग्यांवरची चमक एफएम२ च्या मीटरला फसवते, म्हणून सध्या तळहाताचं रीडिंग घेतो. हातातला इन्सिडंट मीटर (चेहऱ्यावर पडणारा उजेड थेट मोजणारा) घेतल्याने खरंच फरक पडेल का? शिवाय दारातला उजेड निळसर, आतला बल्ब पिवळा. निळसरपणा कमी करणारा ८१बी फिल्टर लावावा, तर आधीच तुटपुंज्या उजेडातला तिसरा हिस्सा स्टॉप जातो.

शेवटचं, पण सगळं यावरच अडलंय: पुण्यात सध्या ई-६ (स्लाइड फिल्म डेव्हलप करण्याची प्रक्रिया) नियमित कोण करतं? सी-४१ मध्ये, म्हणजे निगेटिव्हच्या रसायनांत, क्रॉस प्रोसेस नको. कारागिरांना त्यांच्याच आळीत प्रोजेक्टरवर दाखवायचं आहे, त्यामुळे स्कॅनपेक्षा माउंट केलेल्या स्लाइड्स हव्यात. मुंबईला कुरिअर करायचीही तयारी आहे. घरी तीन बाथचं किट वापरणाऱ्यांनी ३८ अंश तापमान कसं राखता, तेही जरूर लिहा.