वॉशिंग मशीन पूर्ण बंद पडलंय, बोर्ड दुरुस्त करता येईल का? जाणकारांनी मदत करावी

अबोली

आमचं फ्रंट लोड मशीन अचानक बंद पडलं. बटण दाबलं तर एकही दिवा लागत नाही, बीप नाही, काहीच नाही. आदल्या रात्री वीज सारखी जात-येत होती. सॉकेट ठीक आहे, दुसरं उपकरण तिथे चालतं. मेन्सची (घरच्या विजेची) वायर आणि मागचा नॉइज फिल्टरही तपासला. बोर्डाच्या (मशीन चालवणाऱ्या सर्किटच्या) कनेक्टरपर्यंत कंटिन्युइटी मिळते, म्हणजे वायर कुठे तुटलेली नाही.

तपासायला आलेल्या तंत्रज्ञांनी झाकण उघडून "बोर्ड गेला" असं सांगितलं. तो बोर्ड आता बनत नाही, तेव्हा मशीनच बदला, असंही म्हणाले. ड्रम, मोटर, बेअरिंग सगळं ठणठणीत असताना अख्खं मशीन भंगारात द्यायला जिवावर येतंय.

म्हणून बोर्ड काढून पाहिला. मेन्स जिथे येते त्या कोपऱ्यातला एक रेझिस्टर मधोमध तडकलाय. त्याच्या पलीकडे एक छोटी काळी आयसी (चिप) आहे. तिच्या पाठीवर टाचणीच्या टोकाएवढं भोक पडलंय आणि भोवती काजळी आहे. नंबर अर्धाच वाचता येतो, "एलएनके ३०" आणि पुढे जळलेलं. एका बाजूला चार पाय आहेत, दुसऱ्या बाजूला तीनच. चौथा तुटून पडलाय की काय?

सोल्डरिंग येतं, मल्टिमीटर आहे. रेझिस्टर आणि आयसी बदलली तर चालेल का? की यात पडूच नये?

तांबडीवायर

ताई, नक्की पडा. हा अगदी नेहमीचा बिघाड आहे. चौथा पाय तुटलेला नाही, या पॅकेजला तो मुळातच नसतो. ड्रेनच्या, म्हणजे आयसीतल्या स्विचच्या एका टोकाच्या पायावर तीनशेच्या वर व्होल्ट असतात, त्यामुळे त्याच्या शेजारी मुद्दाम मोकळी जागा ठेवलेली असते. आयसी बहुधा एलएनके ३०४ किंवा ३०६ असेल. रेझिस्टर बदला, आयसी बदला, मशीन चालू होईल. लावताना सिरीज बल्ब (मेन्सच्या वायरीत मध्ये जोडलेला साधा बल्ब) वापरा म्हणजे शॉकची भीती नाही.

कपॅसिटरप्रेमी

तांबडीवायर, बाकी सगळं पटलं, पण शेवटचं वाक्य कृपया कोणी मनात धरू नका. सिरीज बल्ब शॉकपासून अजिबात वाचवत नाही. बोर्डात शॉर्ट राहिला असेल तर बल्ब करंट अडवतो आणि नवे पार्ट जळू देत नाही, एवढंच त्याचं काम. माणसाला मारायला लागणारा करंट ६० वॉटच्या बल्बमधून आरामात जातो.

अबोलीताई, तुमच्या बोर्डावर तर हे जास्तच लागू आहे. एलएनके ३०४ ची सर्किटं सहसा आयसोलेटेड (मेन्सपासून वेगळी केलेली) नसतात, त्यात ट्रान्सफॉर्मरच नसतो. २३० व्होल्ट एका डायोडमधून जातात, कपॅसिटरवर साधारण ३२५ व्होल्ट डीसी होतात, आणि आयसी त्यातूनच १२ व्होल्ट काढते. पुढे ७८०५ नावाची आयसी त्याचे ५ व्होल्ट करते. म्हणजे ५ व्होल्टची लाइनसुद्धा मेन्सला थेट जोडलेली असते. ट्रायॅक (व्हॉल्व्ह, पंप चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) असलेल्या कित्येक बोर्डांत तर ५ व्होल्टची धन बाजूच मेन्सच्या एका वायरवर बांधलेली असते. "पाच व्होल्टच आहेत की" म्हणून बोट लावायचं नाही. बटणांच्या पट्टीला, डिस्प्लेच्या रिबनलासुद्धा नाही. प्लग काढल्यावर मोठा कपॅसिटर १० किलोओहम, ५ वॉटच्या रेझिस्टरने रिकामा करा आणि मीटरने शून्य बघूनच हात घाला. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडण्याची पद्धत सोडून द्या.

आता मूळ प्रश्न. पार्ट आणण्याआधी मायक्रोकंट्रोलर (मशीनचा प्रोग्रॅम चालवणारी मुख्य चिप) जिवंत आहे का ते पाहून घ्या. तो मेला असेल तर बाकी मेहनत फुकट जाते, कारण त्यातला प्रोग्रॅम तुम्हाला कुठून मिळणार? बघायची पद्धत सोपी आहे. बोर्ड मशीनमधून पूर्ण बाहेर, मेन्सशी काहीही संबंध नाही, फक्त डिस्प्लेची पट्टी जोडलेली. जळकी आयसी काढून टाका. मग बाहेरच्या आयसोलेटेड बेंच सप्लायमधून १२ व्होल्ट, करंटची मर्यादा ३०० मिलिअँपिअर, थेट आउटपुट कपॅसिटरच्या (१२ व्होल्टच्या बाजूच्या) पायांवर द्या. धन-ऋण दहा वेळा तपासून. ७८०५ च्या शेवटच्या पायावर ५ व्होल्ट आले आणि बटणाला बीप मिळाला, तर मायक्रोकंट्रोलर शाबूत आहे. एखादा एरर कोड दाखवला तरी घाबरू नका, मेन्स नसल्यामुळे तो येणारच.

१२ व्होल्ट दिल्याबरोबर सप्लाय मर्यादेवर जाऊन बसला तर पुढे कुठेतरी शॉर्ट आहे. तेव्हा पहिला संशय यूएलएन २००३ वर, म्हणजे रिले (विद्युतचुंबकी स्विच) चालवणाऱ्या आयसीवर. दुसरा ७८०५ वर.

निळीशाई

मी वेगळं सुचवते. तोच बोर्ड जुन्या मशीनमधून काढलेला मिळाला तर तो लावणं सोपं नाही का? फक्त स्टिकरवरचा पूर्ण कोड जुळवून घ्यायचा. दिसायला हुबेहूब सारखे बोर्ड असतात, पण आतला प्रोग्रॅम वेगळ्या मॉडेलचा असतो. मग मोटर उलटसुलट वागते किंवा दाराचा एरर जात नाही.

कपॅसिटरप्रेमी

चांगला मार्ग आहे, विशेषतः बोर्ड रेझिनमध्ये बुडवलेला असेल तेव्हा. मऊ जेल असेल तर लाकडी काडीने हळूहळू खरवडता येतं. कडक रेझिन असेल तर मी नादी लागत नाही, ट्रॅक उपटून येतात. पण जुन्या बोर्डातले कपॅसिटरही तितकेच जुने असतात हे लक्षात ठेवा. ताईंचा बोर्ड उघडा आहे, सोल्डरिंग येतं, तर हाच दुरुस्त करावा असं माझं ठाम मत आहे.

अबोली

सगळ्यांचे मनापासून आभार. सिरीज बल्बबद्दल माझाही तोच समज होता, बरं झालं विचारलं.

आयसी काढली. ड्रेन आणि सोर्समध्ये (आतल्या स्विचच्या दोन टोकांत) मीटर सरळ बीप देतोय, म्हणजे ती शॉर्ट आहे. तडकलेला रेझिस्टर ओपन आहे. पट्ट्यांवरून ४७ ओहम वाटतो. बाहेरून १२ व्होल्ट दिले आणि डिस्प्ले लागला! बीपही आला. इतका आनंद झाला म्हणून सांगू!

आता आयसी, रेझिस्टर आणून लावू ना?

कपॅसिटरप्रेमी

वा! अवघड भाग पार पडला. पण आणखी एक गोष्ट करा. आयसी का गेली ते शोधा, नाहीतर नवीही जाईल. रेझिस्टर तडकला तो आयसी शॉर्ट झाल्यामुळे. तो फ्यूजचं काम करतो, त्याने आपलं काम केलं. मग आयसी कशाने गेली? विजेचा झटका हे एक कारण आहेच. पण ३२५ व्होल्टवाला कपॅसिटर सुकलेला असला की आयसीला सपाट डीसी मिळत नाही आणि झटका आला तर तो शोषून घ्यायलाही कोणी नसतं. फुगलेला दिसत नाही म्हणून चांगला समजू नका. एक पाय सोडवून मोजा. मीटरला कपॅसिटन्सची रेंज असेल तर छापलेल्या किमतीपेक्षा फार कमी दाखवेल.

रेझिस्टर फ्यूजिबल, न पेटणाऱ्या प्रकारचाच घ्या. बोर्डावरच्या कॉइलशेजारचा डायोड बदलायचा असेल तर यूएफ ४००७ सारखा फास्ट डायोड हवा, १एन ४००७ नको. तो दिसायला सारखाच असतो, पण या जागी फार हळू पडतो, तापतो आणि आयसीला घेऊन जातो. मेन्सच्या बाजूचा डायोड मात्र साधा १एन ४००७ चालतो. वॅरिस्टर म्हणजे विजेचा झटका अडवणारा तो चपटा निळा गोल चकतीसारखा पार्ट. त्यावर ४७१ लिहिलेलं असेल तर ते ४७० व्होल्ट. तडा किंवा काळा डाग दिसला तर बदला.

तांबडीवायर

मी चुकीचं लिहिलं होतं, दुरुस्तीबद्दल आभार. भर घालतो: बोर्ड बसवण्याआधी बाहेरचे लोडही मोजा. पाण्याच्या व्हॉल्व्हची कॉइल साधारण ३ ते ५ किलोओहम दाखवते, ड्रेन पंप दीडशे-दोनशे ओहमच्या आसपास. हीटर २००० वॉटचा असेल तर २६ ओहम. हीटरचं टोक आणि मशीनची बॉडी यांत मात्र काहीही दाखवायला नको. कॉइल शॉर्ट असेल तर तिचा ट्रायॅक पहिल्याच धुण्यात जाईल.

अबोली

कळवायला उशीर झाला, पार्ट मिळायला वेळ लागला.

४.७ मायक्रोफॅरडचा ४०० व्होल्टवाला कपॅसिटर मोजला तर १ सुद्धा भरला नाही. वरून अगदी नवा दिसत होता, पण काढल्यावर बुडाशी तपकिरी चिकट डाग होता. तो १०५ डिग्रीचा नवा घातला. आउटपुटचा कपॅसिटर, रेझिस्टर, आयसी, फास्ट डायोड हेही बदलले. काजळी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशने पुसून काढली. खाली एक ट्रॅक केसाएवढा उरला होता, तिथे वायरचा तुकडा जोडला. वॅरिस्टर ठीक वाटला, तरी बदलला.

सिरीज बल्बवर लावलं. बल्ब क्षणभर चमकला आणि विझला. मीटरचे क्लिप आधीच लावून ठेवले होते, १२ आणि ५ दोन्ही बरोबर आले. व्हॉल्व्ह ३.८ किलोओहम, पंप १६० ओहम. मग मशीनमध्ये बसवून रिकामं धुणं लावलं. पाणी घेतलं, ड्रम फिरला, पाणी सोडलं, शेवटचं पिळणंही झालं.

एक शंका: साफ करताना बोर्डावरचा पारदर्शक थर त्या कोपऱ्यात निघून गेला. तसंच ठेवू का?

कपॅसिटरप्रेमी

जिंकलात ताई! थर परत द्या, मशीनच्या आत दमट असतं. कन्फॉर्मल कोटिंगचा स्प्रे मिळतो. रिले आणि कनेक्टर चिकटपट्टीने झाकून पातळ हात फिरवा, आणि पूर्ण सुकल्याशिवाय वीज देऊ नका. बोर्ड उघडा आहेच, तर रिलेच्या पायांभोवतीचं सोल्डर भिंगाखाली बघा. बारीक गोल रेघ दिसली तर थोडं फ्लक्स आणि ताजं सोल्डर देऊन टाका.

निळीशाई

अबोली, बोर्डाचे आधीचे-नंतरचे फोटो टाकाल का? माझ्या बहिणीच्या मशीनची लक्षणं अगदी हीच आहेत.

अबोली

संध्याकाळी टाकते. बहिणीला सांगा, प्लग काढून आधी तो रेझिस्टर मोजायला.