मदत हवी आहे : वाह आणि फझ एकत्र लावले की शिट्टी वाजते

मंडळी, जिमी हेंड्रिक्स ऐकून गिटार हातात घेतलेल्यांपैकी मी एक. त्याचा जोडणीचा क्रम सर्वांना माहीत आहेच : स्ट्रॅट गिटार, मग वाह (पायाने खालीवर करून ‘वाऽव’ असा आवाज काढायचा पेडल), मग फझ फेस (आवाज खरखरीत करणारा फझ पेडल), आणि शेवटी मार्शल अँप. हौसेने मीही तसंच जोडलं. सिंगल कॉइलची गिटार, जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा फझ, छोटा व्हॉल्व्ह अँप.

नुसता फझ लावला तर स्वर्ग! गिटारचा व्हॉल्यूम १० वरून ६ वर आणला की सगळी खरखर विरघळते आणि काचेसारखा स्वच्छ आवाज येतो. करंगळीने नॉब फिरवत अख्खं गाणं वाजवता येतं. या एका गोष्टीसाठी मी तो पेडल जन्मभर सोडणार नाही.

पण त्याच्या आधी वाह चालू केला की घोटाळा. पाय टाचेकडे असताना आवाज गायब, बोटांकडे दाबला की कर्कश शिट्टी. मधला तो ‘वाऽव’ ऐकूच येत नाही. दोघांच्या मध्ये बफर (सिग्नल कमजोर न होऊ देता पुढे पाठवणारं सर्किट) टाकून पाहिला. शिट्टी थांबली, वाहही बोलू लागला, पण व्हॉल्यूम कमी केल्यावर फझ साफ होईना. फझचा इनपुट इम्पिडन्स (आत येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध) फार कमी असतो, म्हणून हे होतं एवढं समजलं.

वाह फझच्या नंतर लावलाय कुणी? आवाज फार बदलतो का? की वाहच्या आउटपुटला रेझिस्टर जोडून भागतं? किती ओहमचा घालावा? सोल्डरिंग येतं मला. ज्यांनी स्वतः करून पाहिलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.